काट्यावरचं गाठोडं आणि नव्या वर्षाचा संकल्प

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय एकोणचाळीस, शिक्षण बारावी, दोन लेकरं. घरी सहा एकर कोरडवाहू आणि विहिरीच्या भरवशावर दोन एकर ओलीत. कविता शाळेपासून करतात, गेल्या सहा-सात वर्षांपासून छोट्या कथाही लिहितात. सलग तीन वर्षं १ जानेवारीला त्यांनी 'रोज पाचशे शब्द' असा संकल्प केला आणि तिन्ही वर्षं तो संक्रांतीच्या आत मोडला. एक कादंबरी चार वर्षांपासून तिसऱ्या प्रकरणावर अडून बसली आहे. यंदा त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात 'बावन्न आठवडे, बावन्न कथा' असा उपक्रम निघाला असून नाव द्यायची मुदत ३१ डिसेंबर आहे. शिवाय एक प्रकाशक पस्तीस हजार रुपयांत त्यांचा कवितासंग्रह काढून द्यायला तयार आहेत. कापसाच्या पैशातून तेवढे बाजूला काढता येतील, असं ताईंना वाटतं. सासूबाई विचारतात, "लिवून का भेटते वो तुले?" आणि ताई मला विचारतात, "माझ्यात चिकाटीच नाही का? यंदा ध्येय मोठं ठेवू, लहान ठेवू, की ठेवूच नको?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न समजून घ्यायला, दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, "संध्याकाळी वजनाची वेळ झाली की मी वही घेऊन धुऱ्यावर बसते. काट्याला गाठोडं टांगलं की प्रत्येक बाई दुसरीकडं पाहते." आणि लगेच "असू द्या, मुद्द्यावर येते" म्हणून पाचशे शब्दांच्या हिशोबाकडे वळलात.

पत्रासोबत नमुना म्हणून एक कथा जोडली आहे, समूहात दिलेल्या 'समुद्रकिनारा' या विषयावरची. साडेतीन पानं. त्यात फेसाळत्या लाटा आहेत, ओल्या वाळूत उमटलेली पावलं आहेत, मावळतीचा लालबुंद गोळा आहे. शेवटी तुम्हीच प्रामाणिकपणे कळवलंय की समुद्र अजून पाहिलेला नाही. राग मानू नका, ते न कळवताही कळलं असतं. शुद्धलेखनाची एक चूक नाही आणि एकही वस्तू तुमची नाही. तिच्यावर दहा-बारा रात्री गेल्या म्हणता. काट्याचं ते वाक्य लिहायला मिनिटही लागलं नसेल, पण त्याच्यामागे अकरा हंगाम उभे आहेत.

अकरा हा आकडा तुमच्याच पत्रातला. मजुरीची वही लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तुमच्या हातात आली म्हणता आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही. कापसाच्या पहिल्या वेच्यापासून शेवटची बोंडं निघेपर्यंत, दिवस बुडताना, अंगात ताप असो की घरी पाहुणे असोत, तारीख टाकायची, नावापुढे किलो लिहायचे, बाजाराच्या आदल्या दिवशी बेरीज करून प्रत्येकीच्या हातावर पैसे ठेवायचे. एकदा तुम्ही माहेरी होतात, तर बायांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन आपापले आकडे तोंडी सांगून लिहून घेतले. आणि तुम्ही मला विचारता, माझ्यात चिकाटी नाही का!

मग ही वही चालते आणि ती डायरी का बंद पडते? माझं उत्तर सोपं आहे. वहीच्या दुसऱ्या टोकाला दहा बाया उभ्या असतात. डायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नसतं, फक्त एक आकडा असतो. पाचशे. आकड्याला कोणी घाबरत नाही आणि आकड्याची कोणाला माया येत नाही.

आता तुमच्या १ जानेवारीकडे पाहू. त्या दिवशी तुमच्या घरी काय चाललेलं असतं? कापसाचा दुसरा-तिसरा वेचा, तुरीची कापणी होऊन वावरात गंजी लागलेली, हरभऱ्याला पाणी. विजेच्या लाइनीची पाळी रात्रीची असली की घरधनी टॉर्च घेऊन ओलिताला निघतात आणि तुमच्या डोळ्याला डोळा लागत नाही. रानडुक्कर आहे, साप आहे, उघड्या तारा आहेत. पहाटे बाया यायच्या आत तुमची चूल पेटलेली पाहिजे. वर्षातले सगळ्यात ओढाताणीचे हे सहा आठवडे. नेमकं त्यांच्या मधोमध तुम्ही रोज पाचशे शब्दांचं नवं पीक पेरता आणि ते संक्रांतीच्या आत जळालं की दोष बियाण्याला देता. रोज पाचशे म्हणजे वर्षाचे १,८२,५०० शब्द होतात, हेही एकदा मांडून पाहा. तीन कादंबऱ्या. कोणी मागितल्या होत्या?

१ जानेवारीबद्दल मला राग नाही. शहरात ज्यांना पगार एक तारखेला आणि सुट्ट्या कॅलेंडरच्या लाल अक्षरांनी मिळतात, त्यांना ती तारीख बरी पडते. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो, तेव्हाच साल फिरतं. त्यानंतर अक्षय तृतीया. त्या दिवशी बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला वावरात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ऐकायला दुरून माणसं जमतात. पण मृगात तिफण धरताना जो तो आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहूनच पेरतो. जानेवारीतले लेखनसंकल्प मला या भाकितासारखे वाटतात. ऐकायला हरकत नाही, त्यांच्यावर बियाणं उधार घेऊ नये.

(संक्रांतीवरून आठवलं. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ची, अमरावतीतली. म्हणजे तुमचा संकल्प ज्या सुमाराला मोडतो, त्याच सुमाराला इथल्या लिहिणाऱ्यांचं एक मोठं काम सुरू झालं होतं. संक्रांतीला उगाच बदनाम करू नका.)

ध्येय कसं असावं हे शिकायला आपल्याला दूर जावं लागत नाही. सीतादही आठवा. पहिल्या वेच्याच्या सकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी खडे मांडून हळदकुंकू वाहतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि वेचायला लागतो. त्या वेळी 'यंदा एकरी इतके क्विंटल' असं कोणी बोलतं का? मी तरी ऐकलेलं नाही. बोंड फुटलंय, हात लावायची वेळ झालीय, इतकंच ते सांगणं असतं. क्विंटल नंतर काट्यावर कळतात.

माझी स्वतःची फजिती सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते तेव्हा एका वर्षी मी 'रोज एक कविता' असं ठरवलं. जाड पुठ्ठ्याची डायरी आणली, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घातलं. एकोणीस कविता झाल्या. विसाव्या दिवशी शाळा तपासणी लागली आणि सगळं आटोपलं. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून आमच्या आत्याबाईंनी ती डायरी दुधाच्या हिशोबाला घेतली. त्यांना लिहिता येत नव्हतं. माझ्या मुलाला पुढ्यात बसवून त्या सांगायच्या आणि तो शब्दाला शब्द उतरवायचा. परवा माळ्यावर ती डायरी सापडली. माझ्या एकोणीस कवितांत चंद्र आठ वेळा आहे, मी मोजला. आत्याबाईंच्या पानावर असं आहे: "आज दूध कमी. म्हशीनं लाथ मारली, अर्धा शेर सांडलं, मांजरीची दिवाई झाली." 'दिवाळी'चं 'दिवाई' मुलानं कानाला पडलं तसं लिहिलेलं. मी ते पान वाचून हसले, मग थोडा वेळ बसून राहिले. आत्याबाईंचा आवाज या घरात त्या एका डायरीतच उरलाय.

तर माझी सूचना अशी. जानेवारीत नवी डायरी आणू नका. मजुरीची वही आहे ना, तिच्यात तारीख, नाव आणि किलो या रकान्यांच्या पुढे समास वाढवा आणि रोज एका बाईपुढे एक ओळ लिहा. दहाही जणींपुढे नाही, एकीपुढे. तिनं काय म्हटलं किंवा तुम्हाला काय दिसलं. "३२ किलो. हातच चालून नाई राह्यला वो आज, म्हणाली." "२७ किलो. ओटी सोडताना पहिल्यांदा मोबाइल पाहिला." ओळीखाली अर्थ लिहायचा नाही. 'गरिबीचं विदारक वास्तव' वगैरे शब्द त्या वहीत शिरले तर मी लाल पेनानं खोडीन. वेच्याच्या अजून तीसेक संध्याकाळ उरल्या असतील. एखादी ओळ राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन लिहू नका. उसनवारी तिथूनच सुरू होते.

तुम्ही म्हणाल, हे काय लेखन झालं? शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, तिथे 'लीळाचरित्रा'त ग्रंथबद्ध केल्या. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याला मानतो, त्याच्यामागच्या कामाचा मोठा भाग लिहिण्याचा नव्हता. स्वामींना पाहिलेली, ऐकलेली माणसं गाठायची, त्यांच्या आठवणी ऐकायच्या, त्या पडताळून घ्यायच्या. आधी गोळा करणं, मग लिहिणं. तुमचं गोळा करणं गेली अकरा वर्षं चालूच आहे, फक्त वहीत किलो उतरले आणि बोलणं सांडलं.

इथे एक सावधगिरी, आणि ही माझ्या चुकीतून आलेली आहे. शेजारघरच्या वाटणीच्या भांडणावर मी एकदा एक लेख लिहिला होता. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पण अंगणातला लिंबाचा डेरेदार वृक्ष आणि मोडकी बंगई (झोपाळा) मला इतकी आवडली होती की ती तशीच ठेवली. लेख छापून आला. पुढची दोन वर्षं ती माउली आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही. खेड्यात माणूस नावानं कमी आणि बंगईवरून जास्त ओळखू येतो. म्हणून वहीतली ओळ कथेत नेताना नाव तर बदलाच, शिवाय दोघी-तिघींच्या ओळी एकीच्या तोंडी घाला, काळ मागे-पुढे सरकवा. एखादीचं घरचं दुःख असेल तर तिला विचारा. ती नाही म्हणाली तर ते वहीतही ठेवू नका, कारण ती वही घरातले सगळेच उघडतात. मजुरी देणारी तुम्ही आहात, हेही विसरू नका. काट्याच्या या बाजूला बसून त्या बाजूच्या बाईबद्दल लिहिताय. तुमच्या कथेत वही धरणारी बाईही असली पाहिजे, आणि तिला फार चांगली दाखवू नका.

आता लिहायचं कधी? तुमच्या वर्षात मला एकच मोकळा पट्टा दिसतो. हरभरा घरात आल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे होळीच्या पुढचे बारा-तेरा आठवडे. उन्हाळा आणि फुरसत हे दोन शब्द बाईमाणसाच्या बाबतीत एकत्र येत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. कुरडया, शेवया, सरगुंडे, लग्नसराई, पाण्याची रांग, सगळं त्याच दिवसांत. पण आपल्याकडचं ऊन एक उपकार करतं. दुपारी एक ते चार ते सगळ्यांना घरात कोंडून ठेवतं, बैलापासून पाहुण्यापर्यंत. त्या तीन तासांतला एक तास, आठवड्यातून चार दिवस मागून घ्या. 'मागून घ्या' हा शब्द मुद्दाम वापरला. चोरून लिहिलेला तास पहिल्या हाकेला मोडतो. घरात सांगून ठेवलेला तास निदान दुसऱ्या हाकेपर्यंत टिकतो.

तेवढ्यात किती होईल? आठवड्याला चार तास धरले तर बारा आठवड्यांत अठ्ठेचाळीस. दोन कथा नीट लिहून, आठवडाभर बाजूला ठेवून, पुन्हा लिहायला एवढा वेळ पुरतो. तिसरी झाली तर बोनस. दोन कथा हेच यंदाचं ध्येय, तारीख ३१ मे.

मेच का, तर दिवाळी अंकांमुळे. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचं खरं वर्ष दिवाळीला संपतं. आणि अंकांचं साहित्य साधारण जून-जुलैपासून ऑगस्टपर्यंत मागवलं जातं. पेरणी, डवरणी, निंदण, खताची धावपळ यांच्या बरोबर मधोमध. आवाहन वाचून लिहायला बसणाऱ्या शेतकऱ्याची कथा त्यामुळे कधीच वेळेवर पोचत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या दोन कथा पाकिटात तयार असतील, तर पावसाळ्यात फक्त पाठवायचं काम उरतं. तालुक्याच्या वाचनालयात मागच्या वर्षीचे अंक असतात. सात-आठ चाळा, कुठल्या अंकात ग्रामीण कथा येते, किती पानांची येते ते पाहा, पत्ता उतरवून घ्या. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. नकार बहुतेक वेळा येतच नाही, नुसती शांतता येते. दिवाळीपर्यंत काही कळलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरीकडे.

कादंबरीबद्दल थोडक्यात. शेवटच्या वेच्यानंतरही पऱ्हाटी उभी ठेवून, पाणी देऊन जी फरदड घेतात, ती घेऊ नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी ओरडतो. कारण त्याच उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी जगते आणि पुढच्या हंगामावर पडते. २०१७ साली विदर्भानं ते चांगलंच भोगलं. तुमची ती तीन प्रकरणं ही फरदड आहे. दर जानेवारीत तिला पाणी देता, चार बोंडं येतात, आणि 'मी पुरं करू शकत नाही' ही अळी नव्या कथेवर जाते. पऱ्हाटी उपटा. फाडू नका, गासडीत बांधून माळ्यावर टाका. त्यात जीव असेल तर एखादं पात्र आपण होऊन खाली उतरेल.

पस्तीस हजारांचं मात्र थोडं लांबवते, कारण असं पत्र महिन्याला एक तरी येतं. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे पस्तीस हजार म्हणजे साडेचार क्विंटल कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. रोज तीस किलो वेचणाऱ्या बाईचे ते वाकलेले पंधरा दिवस. तेवढ्यात तुम्हाला काय मिळणार, हे पत्रात नाही. प्रती किती? त्या विकणार कोण? दुकानात जाणार की तुमच्या दिवाणाखाली येणार? कवितांवर कोणी हात फिरवणार आहे का, की आल्या तशा छापणार? हे चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. पैसे घेऊन छापणारे सगळेच लबाड असतात असं नाही. काहीजण छपाईचं काम चोख करतात आणि तेवढंच करतो असं स्वच्छ सांगतात. पण छपाई म्हणजे प्रकाशन, हा गैरसमज तुमच्या पैशावर कोणी पोसत असेल तर सांभाळा.

शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. ज्यांचं पुस्तक अजून निघालेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित जाणकारांकडून तपासलं जातं, त्यामुळे नाकारलं गेलं तरी कोणीतरी ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं. अर्जाची जाहिरात निघाली की नियम नीट वाचा. आज घाईनं पैसे देऊन संग्रह काढलात, तर उद्या या योजनेत तुमचं 'पहिलं पुस्तक' कोणतं धरायचं, हा पेच नको.

आणि बावन्न कथा? असे उपक्रम मी वाईट म्हणणार नाही. ज्याचा हात आखडलाय, ज्याला कोरा कागद पाहून घाम फुटतो, त्याचा हात त्यानं मोकळा होतो. सोबतही मिळते. एकट्यानं लिहिणाऱ्या खेड्यातल्या माणसाला सोबत ही लहान गोष्ट नाही. पण तुमचा हात आखडलेला नाही, तो दुसऱ्याच्या विषयांवर राबतोय. आठवडी विषय समूहचालक देणार, सातव्या आठवड्यात 'रेल्वे फलाट' येणार आणि तुम्ही पुन्हा न पाहिलेला फलाट रंगवत बसणार. मी असते तर ३१ डिसेंबरला नाव दिलं नसतं. त्याऐवजी समूहातल्या ज्या दोघी-तिघींचं लिहिणं तुम्हाला खरंच आवडतं, त्यांना वेगळा फोन करा. महिन्यातून एकदा एकमेकींना एक पान फोनवर वाचून दाखवायचं, बस्स. लाइक नाही, फुलांचे गुच्छ नाहीत. ऐकणारीनं एवढंच सांगायचं की कुठे कान टवकारले आणि कुठे मन भाकरीकडे गेलं.

त्याच समूहचालकांनी तुमच्या कवितेतलं 'डोये' खोडून 'डोळे' केलं, याचं तुम्हाला वाईट वाटलं. वाटायलाच हवं. निवेदन कोणत्या मराठीत करायचं ते तुमच्या मर्जीवर, दोन्हीकडे चांगलं लिहिलं गेलंय. पण माणसाच्या तोंडचा शब्द त्याच्याच तोंडचा राहू द्या. फोनला बोलून लिहायला सांगाल तर तो 'मले'चं काहीही करेल. म्हणून सरळ आवाज रेकॉर्ड करा आणि रात्री ऐकून हातानं उतरवा.

आता सासूबाई. पत्रात तीन ठिकाणी त्यांचं ते वाक्य आलंय, म्हणजे ते रुतलंय. मला एक शंका येते, ती बोलून टाकते. तो कवितासंग्रह तुम्हाला कवितांसाठी हवाय, की एक दिवस त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवण्यासाठी? उत्तर दुसरं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण उत्तर म्हणून पस्तीस हजार फार झाले. शिवाय पुस्तक पाहून त्या विचारतील, "याचे किती भेटले?"

त्यांचा प्रश्न उलटा त्यांनाच विचारून पाहा. आपल्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच न्यायचा. केंद्रासमोर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागायच्या, माणसं कापसाच्या गाडीवरच रात्री काढायची. सासूबाई तेव्हा नव्या नवरी असतील. घरचं माणूस चार दिवस रांगेत अडकलं की मागे घरात काय व्हायचं? डबा कोण न्यायचं? चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, किती दिवसांनी यायचा आणि तोवर किराणा कोणाच्या नावावर? हे सरकारी कागदात सापडणार नाही, त्यांच्याकडे सापडेल. दुपारी सरगुंडे वळताना विचारा. लिहून घेताय हे लपवू नका. "लिवून का भेटते" म्हणणारी बाई आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय म्हटल्यावर काय करते, हे मला आत्याबाईंमुळे ठाऊक आहे. त्या दुसऱ्या दिवशी स्वतःच मुलाला हाक मारायच्या, "ये रे, लिवायचं हाय."

हे सगळं ताईंना लिहिलं, पण इतरांनीही आपापली वही शोधावी. आशाताईंची घरभेटीची नोंदवही असते, रेशन दुकानदाराची असते, दूध संकलन केंद्रावरच्या पोराची असते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसून चोरून कविता करणाऱ्या मुलांची पत्रं तर ढिगानं येतात. त्यांना मी सांगते, जाहिरातींच्या तारखांप्रमाणे वर्ष आखा, पेपर झाल्यावरचा पंधरवडा लेखनाला द्या, पेपराआधीचा नको. आणि गडचिरोली-चंद्रपूरकडचा जो मुलगा 'नाटक लिहायचंय, पण पुण्यात ओळख नाही' असं कळवतो, त्याला माझा प्रश्न आहे की झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर असलेलं वडसा किती लांब आहे? दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं होतात, परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि तू पुण्याच्या ओळखीसाठी अडलास? आधी दहा रात्री मंडपात मागच्या रांगेत बस. लोक कुठल्या वाक्याला तंबाखू मळायचं थांबवतात ते बघ.

ताई, पाडव्याला मला पुन्हा पत्र टाका. किती ओळी झाल्या ते कळवू नका, त्यातल्या तुम्हाला आवडलेल्या पाच उतरवून पाठवा. समुद्राच्या कथेची प्रत मी परत पाठवत नाही, हरकत नसेल तर ठेवून घेते. आणि काट्याला गाठोडं टांगलं की दुसरीकडे पाहणाऱ्या त्या बाया नेमकं कुठे पाहतात? गावाकडे, तुमच्या वहीकडे, की एकमेकींच्या गाठोड्यांकडे? तेवढं पत्रात राहून गेलं.